बायनाबाईंचा राहिलेला फोटो

मी एक जुना स्टुडिओ फ्लॅश आहे. मित्रांनो, बीडच्या एका डिझाइन कॉलेजात खिडक्यांना काळे पडदे लावलेली एक खोली आहे. तिथं नऊ वर्षं मी उंच स्टँडवर उभा होतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की मी लखकन चमकायचो. एवढंच माझं काम.

मी नवा होतो तेव्हा शिवशंकर सर मला मऊ फडक्यानं पुसायचे. "हा नसला तर तुमचा कॅमेरा आंधळा," असं मुलांना सांगायचे. पुढं वर्गातल्या मुलांची संख्या वाढली आणि सरांचं पुसणं मागं पडलं. काम झाल्यावर मला पाच मिनिटं गार होऊ द्यावं लागतं. आतला छोटा पंखा माझी उष्णता बाहेर टाकतो. पण सगळ्यांना घरी जायची घाई! सुरज तर मी तापलेला असतानाच बटण बंद करून माझ्यावर रेक्झिनचं कव्हर घालायचा. "राहू दे बे, उद्या परत लागतोच की," असं मित्राला म्हणायचा. आत माझी घुसमट व्हायची. पंख्यात धूळ साठत गेली. मला ओरडता येत नव्हतं.

सत्यशीला सुरजच्याच वर्गातली. पाली गावची, ऊसतोड करणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी तिनं मला मैत्रिणीच्या, करिष्माच्या अगदी समोर उभं केलं. फोटोत करिष्माचा चेहरा पीठ फासल्यासारखा आला.

"चेहऱ्याला सावलीपण लागते," सर म्हणाले. "दिवा बाजूला ने, थोडा वर घे."

हळूहळू ती मला ओळखायला लागली. तिचं काम झालं की मी गार होईपर्यंत ती थांबायची. उजेड कापडावरून तिरका गेला की त्याची वीण दिसते, हे कळलं त्या दिवशी ती एकटीच हसली होती.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी तिनं आईच्या मापाचं जॅकेट शिवलं. उसाच्या पात्यानं हात कापतात म्हणून बाह्या लांब ठेवल्या, टोकाला अंगठा अडकवायला भोक ठेवलं. परीक्षेला स्टुडिओतल्या उजेडातलेच फोटो लागणार होते, आणि हे जॅकेट तिला आईच्याच अंगावर दाखवायचं होतं.

दसरा झाला. ऊसतोडीला साखर कारखान्यावर निघायच्या दिवशीच तिची आई, बायनाबाई, तासाभरासाठी आल्या. लुगड्यावर जॅकेट घालून माझ्यापुढं अवघडून बसल्या.

"मायं, लाइटाकडं न्हाई, माझ्याकडं बघ."

"लई उजेड हाय गं. डोळं आपोआप मिटत्यात."

पहिल्या फोटोत डोळे मिटले. दुसऱ्यातही मिटले. तिसऱ्या वेळी मात्र त्यांची भीड चेपली. मान ताठ करून त्या लेकीकडे बघायला लागल्या. सत्यशीलानं बटण दाबलं.

मी चमकलो नाही. आत काहीतरी जळलं. तिनं परत दाबलं, वायर काढून पुन्हा लावली. सर धावत आले. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी नुसता उभा होतो.

तेवढ्यात बायनाबाईंचा फोन वाजला. "तुझ्या भारतमामाचा हाय. आमाला न्यायचा ट्रॅक्टर फाट्यावर आलाय म्हणं." त्या उठल्या आणि जॅकेटची बटणं सोडायला लागल्या. "हे ठिव तुझ्यापाशी. दुसऱ्या कुणाला घालून काढ फोटू."

सत्यशीलानं त्यांचा हात धरला. "न्हाई मायं. घालूनच जा. उसाच्या फडात लागंल."

"आन् तुझी परीक्षा?"

तिनं आईचं सुटलेलं बटण परत लावलं.

परीक्षकांनी तो मिटलेल्या डोळ्यांचा फोटो बाजूला ठेवला. "जॅकेट चांगलं आहे, पण काम अर्धवट आहे," म्हणाले. आई उन्हाळ्यात परतल्यावर फोटो पुन्हा काढायचा, असं ठरलं. तोवर सत्यशीलाचा निकाल अडकला. वर्गातल्या बाकीच्या मुलांचे फोटो आधीच झाले होते, ती पास झाली. सुरजही झाला.

दुरुस्तीवाल्यानं मला उघडलं तर पंख्यातून धुळीचा गोळा निघाला. "आतून भाजून गेलाय," तो म्हणाला. सुरज मान खाली घालून उभा होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे.

आता मी कपाटात आहे. स्टँडवर नवा फ्लॅश आलाय. काल तो बंद झाल्याबरोबर त्याच्यावर कव्हर ओढल्याचा आवाज मी ऐकला. कुणी घातलं ते दिसलं नाही. मी त्या नव्या फ्लॅशला सावध करू शकत नाही, मुलांनाही हाक मारू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. वापरून झालं की यंत्रापाशी जरा थांबा. हात लावून बघा, धूळ पुसा. आमचं दुखणं आम्हाला सांगता येत नाही. आणि आम्ही बंद पडलो की त्याची शिक्षा बऱ्याचदा अशा कुणाला तरी होते, ज्यानं आम्हाला जपलेलं असतं.