शिंगणापूरची दारं

उत्तमराव सरांनी एका ओळीखाली लाल रेघ ओढली आणि निबंध राहीपुढे सरकवला.

"वाच."

"तिन्हीसांजेला घरोघरची दारं लागतात," राहीने खणखणीत वाचलं.

"गाव कुठलं तुझं?"

"शनिशिंगणापूर."

"तिथं दारं कधी बसवली?"

राही हसली. शिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं, हे साऱ्या नगरला ठाऊक होतं.

"तुमच्या लेखात हुती, सर. उतरवताना अक्षर बदलायचं नसतं."

बहात्तर सालच्या कॉलेजच्या वार्षिकात सरांचा 'माझे गाव' हा लेख छापून आला होता. राहीने तो काना-मात्रेसकट, टपोऱ्या अक्षरात उतरवला होता.

"याला चोरी म्हणतात. निबंध बाद झाला तर परीक्षेला बसता यायचं नाही."

गावातून कॉलेजात आलेली ती पहिलीच मुलगी. परीक्षा हुकली तर घरचे तिला पुन्हा नगरच्या एस.टी.त बसवणार नव्हते. तिने पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

"चोरी कशी? शेवटाला बघा की."

शेवटी बारीक अक्षरात होतं: उत्तमराव सरांच्या लेखावरून उतरवले. चूकभूल लिहिणारीची.

"माझा आजा पोथ्या उतरवायचा. कुनाच्या पोथीवरून उतरवली, त्याचं नाव घातल्याबिगर पोथी बांधायचा न्हाई."

"अगं, पण मी तुझं गाव विचारलं होतं."

"आमच्या गावात लिवन्याजोगं काय हाय? छापल्याल्या गावात नदी असती, नारळी असत्यात. माझी मावशी कोल्हारला दिली हाय, सर. तुमच्याच गावात. प्रवरेच्या काठानं लई हिंडले मी. नारळीची रांग कुटंच घावली न्हाई."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं. पाठीमागच्या कपाटात कोकणावरचं एक जुनं पुस्तक होतं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"तुमी कुनावरून उतरवलं?" राहीने सरळ विचारलं. "नाव घालायचं राहिलं व्हय? सांगा, मी तेबी खाली लिवते."

खिडकीतून सावेडीचा मोकळा माळ दिसत होता. सरांनी खणातून कोरे कागद काढले आणि त्यातले अर्धे तिच्या हातात दिले.

"दार नसलेल्या घरात झोप कशी लागते, तेवढं लिही."

उरलेले कागद त्यांनी स्वतःपुढे ओढले.