चढावरचा नियम

दुइसेनने नव्या माणसाच्या सायकलचं पुढचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि नासक्या फळाला हात लागावा तशी बोटं चड्डीला पुसली.

"यात हवा भरलीय की नुसत्या शुभेच्छा?"

बेकझात मोठ्याने हसला. त्याचं हसणंसुद्धा माइकमधून आल्यासारखं होतं. तालगारमधल्या निम्म्या लग्नांत तोच माइक धरून उभा असे. कोणत्या मामाने कधी दोन शब्द बोलायचे, नवरीकडच्यांनी कधी नाचायला उठायचं, सगळं तोच ठरवी, आणि मधल्या वेळात जुने विनोद पेरी. असला माणूस सायकल क्लबाचा सभासद व्हायला निघाला होता. दुइसेनच्या लेखी बाजारात आणलेल्या मेंढीने शर्यतीच्या घोड्यांत उभं राहावं, तसलाच हा प्रकार.

"लग्नं कमी झाली का रे गावातली?"

"कुठली कमी, आगा! आज रात्रीच एक आहे. पण रात्री मी लोकांना हसवतो आणि सकाळी उठलो की स्वतःचाच आवाज नकोसा होतो. इथे चढाला लागलं की आपोआप तोंड मिटतं बघा."

"मग सबंध आठवडा चढावरच राहत जा. गावाला तेवढीच शांतता."

जमलेले बाकीचे हसले. क्लब चालवणारी गाउहार मात्र हसली नाही. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि शनिवारीसुद्धा वर्गावर असल्यासारखी उभी राहायची. "निघायचं का, आगा?" तिने विचारलं. सगळ्यांत थोरला म्हणून सगळे दुइसेनला आगा म्हणत, आणि त्याने सायकलवर टांग टाकल्याशिवाय कुणी निघत नसे.

सभासद व्हायचं तर तीन शनिवार क्लबाबरोबर दरीचा चढ चढायचा, अशी रीत होती. तिसऱ्या शनिवारी वर चहाच्या टपरीपाशी सगळ्यांनी हात वर करायचे. एक जरी हात खाली राहिला, तरी त्या माणसाने पुन्हा यायचं नाही. आजवर खाली राहिलेला हात बहुधा दुइसेनचाच असे. एकाला त्याने गुडघे बाहेर फेकतो म्हणून नाकारलं होतं, दुसऱ्याला उगाच घंटी वाजवतो म्हणून. बेकझातचा आज तिसरा शनिवार होता आणि दुइसेनचा निकाल त्या चाकापाशीच लागला होता.

सफरचंदांच्या बागा संपल्या आणि रस्ता नदीच्या कडेने वर वळला. दुइसेन पुढे होता. सत्तरीला टेकला तरी चढावर तोच पुढे असे. तरुणपणी तो प्रजासत्ताकाच्या संघातून शर्यतींत उतरला होता. तेव्हाच्या प्रशिक्षकाने एक गोष्ट त्याच्या हाडात मुरवली होती, पुढच्याने मागे बघायचं नाही. मागे बघतो त्याला भीती वाटते, आणि ती मागच्यांना लगेच कळते. हृदयाची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी नको नको म्हटलं, तरी तो उन्हाळ्यात परत आला होता आणि पहिल्याच दिवशी या पोरांच्या पुढे राहून वर पोहोचला होता. त्या दिवसापासून त्याच्या मनातून ही पोरं साफ उतरली. एवढ्या महागड्या सायकली, एवढे चकचकीत चष्मे, आणि शिवलेल्या छातीच्या म्हाताऱ्याला गाठता येत नाही! गाउहारला चढाचा कोन तेवढा काढता येतो, चढायचं म्हटलं की मागेच. आताही मागून चाकांची बारीक करकर तेवढी येत होती. दमली असणार सगळी.

लाकडी पुलानंतर चढ जास्तच उभा झाला. दुइसेनने जिभेखाली कुर्ताचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, गोळा धरला, त्याचा खारटपणा घशात उतरू दिला आणि तो बसल्या जागी रेटत राहिला. तेवढ्यात उजव्या बाजूला लोहाराच्या भात्यासारखा आवाज आला. लालबुंद झालेला बेकझात, मान खाली घातलेली, चाक डावीउजवीकडे झोकांड्या खातंय, हळूहळू त्याच्या बरोबरीला आला आणि मग पुढे गेला.

मर आता, दुइसेन मनात म्हणाला. पुढच्या वळणावर ओकशील.

"बेकझात!" मागून गाउहारचा आवाज आला. "मागे ये! तुला सांगितलं होतं ना?"

पोराची दमछाक व्हायच्या आत बाई त्याला वाचवतेय, असं वाटून दुइसेन ओठाच्या कोपऱ्यात हसला. बेकझातने ब्रेक दाबला आणि तो पुन्हा त्याच्या शेजारी येऊन पोहोचला.

"माफ करा, आगा," तो धापा टाकत म्हणाला. "ध्यानातूनच गेलं. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने, चढावर दुइसेन आगांच्या पुढे कुणी जायचं नाही."

दुइसेनचे पाय फिरत राहिले.

"काय सांगितलं होतं?"

"नियमच आहे म्हणाली. बरोबरच आहे म्हणा. घरी जेवायच्या दस्तरखानावर मोठ्यांच्या आधी आपण कुठे हात घालतो? तसंच हे." त्याने दम घेतला. "फक्त इतकं हळू चालवलं की माझा तोल जातो हो, आगा. म्हणून गेलो पुढे."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. लग्नातले सगळे मानपान जसे तो मनापासून पाळत असेल, तसाच हाही त्याने मनापासून पाळायचं ठरवलं होतं.

दुइसेनने मान वळवून मागे पाहिलं.

ती सगळी तिथेच होती, हाकेच्या अंतरावर. एकजण दोन्ही हात सोडून जाकिटाची चेन लावत होता. दोघी शेजारी शेजारी गप्पा मारत होत्या. एक पोरगा केळं खात होता. कुणालाही धाप लागलेली नव्हती, कुणाच्याही कपाळावर घाम नव्हता. गाउहारची आणि त्याची नजरानजर झाली आणि तिने चटकन खाली, स्वतःच्या चाकाकडे पाहिलं.

दुइसेन कडेला थांबला. खाली वाकून तो बुटाचा पट्टा काढून परत लावू लागला. सगळेच थांबले.

"चला पुढे," तो म्हणाला.

"आम्ही थांबतो, आगा. घाई कुठे आहे?" गाउहार म्हणाली.

"चला म्हटलं ना! माझ्या लग्नाची वरात आहे का ही?"

ती सगळी निघाली. आधी चाचरत, मग एकजण पेडलवर उभा राहून रेटू लागला आणि त्याच्यामागे सगळी. बघता बघता ती वळणाआड गेली आणि रस्ता मोकळा झाला. इतकी वेगात जातात ही, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी बेकझात हलला. दोनदा मागे बघत, फुसफुसत, तोही दिसेनासा झाला.

नदीचा आवाज मोठा होता. दुइसेन बराच वेळ पट्ट्याशी खेळत राहिला. मग चढाला लागला. तीच सायकल, तेच पाय, पण आता कुणाच्या पुढे असायचं नव्हतं, त्यामुळे चढ होता तेवढाच राहिला, आणि तो फार होता. दोनदा त्याला उतरून चालावं लागलं. बघायला कुणी नव्हतं म्हणून त्याने सावकाश चालून घेतलं.

तो टपरीपाशी पोहोचला तेव्हा समोसे गार झाले होते. बेकझात लांब कठड्याशी उभा होता. त्याने हातमोजे काढून खिशात कोंबले होते. त्याला चांगलंच झापलेलं दिसत होतं.

"आगा, मला खरंच वाटलं की तुम्हाला माहीत..." तो म्हणू लागला.

"गप्प बस."

गाउहारने दुधाचा चहा ओतून पेला दुइसेनपुढे केला. त्याने तो घेतला नाही. पेला तिच्या हातातच राहिला.

"सभासदाचं उरकून घेऊ," ती म्हणाली. आवाज वर्गातलाच होता, पण ती नदीकडे बघत होती. "बेकझातला घ्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. केळं खाणारा पोरगा बुटाच्या टोकाने खडा ढकलत बसला. बेकझातने मान हलवली, जसं काही आपल्यालाही हेच योग्य वाटतं, आणि तो सायकलचं हँडल धरायला वळला.

दुइसेनने हात वर केला.

"सायकल भंगारातली आहे," तो म्हणाला. "बसतो गोणीसारखा. चालवतो त्याहून वाईट."

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानेही एकेकाकडे पाहून घेतलं. चष्मे, जाकिटं, ओशाळलेली तोंडं. इतके दिवस तो त्यांना कमकुवत समजत आला होता. आताही त्याला त्यांचा राग येत नव्हता. किळस येत होती, आजारी माणसाच्या खोलीत सगळे दबक्या आवाजात बोलू लागले की येते तशी.

"आगा," गाउहार हळूच म्हणाली, "आम्ही तुमच्यासाठीच..."

"माहीत आहे कुणासाठी ते."

थंड वारा सुटला होता. त्याचा दंड थरथरू लागला होता आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला नाही, आणि हात खालीही घेतला नाही.

"कुणाकुणाचे हात वर यायचेत अजून?" त्याने विचारलं. "मी थांबतो. घाई कुठे आहे?"