दातांच्या डॉक्टरांचा नवरा

गायकाची बातमी फुटली त्या दिवशी दवाखान्यात एकाही पेशंटने वेळ रद्द केली नाही. उलट ज्यांचे दात वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदत होते, त्यांनाही सकाळपासून कळा यायला लागल्या. काउंटरवरच्या ताई फोन उचलून उचलून वैतागल्या. आजच यायचंय, आणि डॉक्टर स्वतःच बघतील ना, असं जो तो विचारत होता. त्या 'स्वतःच'चा अर्थ ताईंना बरोबर कळत होता.

कारण डॉक्टर त्या गायकाच्या बायको. आणि गायक काही असातसा नव्हे. जन्मभर एकीचाच होऊन राहीन अशा अर्थाचं त्याचं एक गाणं शहरातल्या झाडून सगळ्या लग्नांत वाजायचं. मुलाखतींतही तो बायकोबद्दल इतकं भरभरून बोलायचा की घरोघरच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ते मुद्दाम ऐकवायच्या. आता त्याच्याच ताफ्यात व्हायोलिन वाजवणारी एक बाई सांगत होती की आमचं वर्षभर नातं होतं, आणि तो घर सोडणार असं मी धरून चालले होते. सोबत हॉटेलच्या दाराशी काढलेला दोघांचा फोटो. याने बायकोलाच नाही, आपल्यालाही फसवलं, असं लोकांना वाटलं. ताईंना तर फारच वाटलं. त्यांच्या लेकीच्या लग्नात तेच गाणं लावलं होतं, आणि तेव्हा त्या डोळे पुसत उभ्या होत्या. ते डोळे पुसणं आता परत कुठून आणायचं, असा त्यांचा संताप होता.

डॉक्टर आज येणार नाहीत हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण डॉक्टर रोजच्या वेळेला आल्या, ॲप्रन चढवला आणि विचारलं, "रूट कॅनलवाले आजोबा खाऊन आलेत ना? उपाशीपोटी चक्कर येते त्यांना."

ताईंनी बाकावर बसलेल्या आजोबांना विचारून घेतलं. आजोबा खाऊन आले होते.

तो दिवस ताई पुढे कधी विसरल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरची एक सोय असते, समोरच्याला फार वेळ बोलता येत नाही. म्हणून जो तो खुर्चीत टेकायच्या आतच आपलं म्हणणं उरकून घ्यायला बघत होता. निवृत्त मुख्याध्यापिका बाई कवळी सैल झाली म्हणून आल्या होत्या. त्यांनी दारातूनच सुरुवात केली. असल्या माणसाला घराबाहेर काढा, बायका गप्प बसतात म्हणून हे सोकावतात, तुम्ही धडा घालून द्या, सगळ्या बायका तुमच्याकडे बघताहेत. डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आ करा." त्यांच्यानंतर आलेल्या फर्निचरच्या दुकानदाराचं मत अगदी उलटं. घरोघरी मातीच्या चुली, कलावंताचं मन पाखरासारखं असतं, शहाण्या बाईने पोटात घालावं. त्यालाही डॉक्टर म्हणाल्या, "आ करा." मुख्याध्यापिका बाईंच्या हिरड्यांना त्यांनी जेवढ्या हलक्या हाताने धरलं, तेवढ्याच हलक्या हाताने दुकानदाराची दाढ भरली. ताई दार किलकिलं करून बघत होत्या. दुकानदाराला निदान थोडं दुखायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं. ही बाई दगडाची आहे की काय, असंही वाटलं.

दुपारी एक मुलगी आली. मागची दाढ ठणकते म्हणाली. खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी तिच्या गळ्याशी कागदी रुमाल अडकवला आणि तिच्या मुठीतला फोन हळूच काढून बाजूच्या ट्रेवर ठेवला. फोनवर आवाज टिपणं चालू होतं. मुलगी वार्ताहर होती. मदतीला बोलावलेल्या ताईंनी ते पाहिलं आणि त्या तिला बखोट धरून बाहेर काढायलाच निघाल्या होत्या. डॉक्टरांनी हातानेच थांबवलं. आधी तोंड तपासलं, मग एक्स-रे काढला.

मुलीने धीर करून विचारलंच. तुमचा नवरा तुम्हाला फसवतोय हे तुम्हाला माहीत होतं का?

"माझ्या घरात काय झालं ते मी तुम्हाला सांगितलं, तर त्यावर सगळे मत देतील," डॉक्टर म्हणाल्या. "मला मत नकोय, म्हणून सांगत नाही. तुमच्या दाढेचं सांगते. तुम्ही नाटक करायला आलात, पण दाढ खरंच किडली आहे. आज तात्पुरतं भरते. आठवड्याभरात या, नाहीतर रात्र रात्र जागवेल."

मुलीने आ केला. निघताना तिने फोनवरचं सगळं पुसून टाकलं आणि ते ताईंना दाखवलं. ताईंनी तिच्याकडे न बघता पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

गायकाच्या मॅनेजरचे फोनही येतच होते. पत्रकारांना बोलावलंय, वहिनींनी नुसतं शेजारी बसायचं, बोलायचं काहीच नाही, असा त्याचा आग्रह होता. डॉक्टरांनी हातमोजे न काढताच ताईंकरवी निरोप दिला, चूक ज्याची त्याने बोलावं, मला संध्याकाळी दोन कॅप बसवायच्या आहेत.

सगळे पेशंट गेल्यावर दोघी अवजारं धुवायच्या खोलीत उभ्या होत्या. ताई चिमटे पुसत होत्या. त्यांच्या पोटात आता काही राहिना. त्या म्हणाल्या की मी असते तर त्याचे कपडे खिडकीतून रस्त्यावर फेकले असते.

"फेकले होते की," डॉक्टर म्हणाल्या. "खिडकीतून नाही, बॅगेत भरून. गेल्या वर्षी."

ताईंनी चिमटा खाली ठेवला. डॉक्टरांनी मग सांगितलं, तेही पेशंटला दुखणं समजावतात तशा आवाजात. त्याने स्वतःच येऊन सांगितलं होतं. फोटो बाहेर यायच्या, कुणाला कळायच्या कितीतरी आधी. लग्नाच्या वेळी त्यांनी त्याच्याकडून एकच गोष्ट मागून घेतली होती, कधी काही झालंच तर ते पहिल्यांदा मला कळलं पाहिजे. तेवढी त्याने पाळली. पण कपडे भरल्यावर डॉक्टरांना स्वतःलाच त्या घरात राहवेना. मग त्या एक्स-रेच्या खोलीत घडीची खाट टाकून इथेच राहायला आल्या.

ताईंना तो काळ आठवला. तेव्हा रोज सकाळी त्या यायच्या तर डॉक्टर आधीच हजर, केस ओले, चहा झालेला. ही बाई कामाला किती वाघ आहे, असं त्या घरी जाऊन सांगायच्या. इतके दिवस एका भिंतीपलीकडे हे चाललं होतं आणि आपल्याला वासही लागला नाही.

"मग परत कशाला घेतलंत?" ताईंनी विचारलं.

"मी त्याला सांगितलं, माझ्याबरोबर राहायचं तर माझ्या एकटीवर भागवावं लागेल. ते जमणार नसेल तर जा, मी अडवणार नाही आणि रडगाणंही गाणार नाही. महिनाभर विचार करून तो आला. मीही केला विचार. लोकांसाठी नाही घेतलं त्याला, होस्टेलवरच्या मुलासाठीही नाही. संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारायला मला अजून आवडतं, म्हणून."

"आणि विश्वास?"

"तो पूर्वीसारखा नाही. कधीकधी त्याला यायला उशीर होतो आणि माझं डोकं फिरतं. मग मी विचारते, आणि तो सांगतो. अजून किती वर्षं विचारावं लागेल कोण जाणे."

मग हे लोकांना सांगून का टाकत नाही, असं ताईंनी विचारलं. तोंडं तरी बंद होतील सगळ्यांची.

"सांगितलं की मी देवी होणार आणि ती बाई कैदाशीण. दोन्ही खोटं. तिलाही तो काहीबाही बोलला होताच की. तिचं तोंड पोळलंय, ती ओरडणार." डॉक्टरांनी ॲप्रन खुंटीला लावला. "शब्द त्याने मला दिला होता, ताई. मोडला तोही माझाच. त्यात गावाची भागीदारी नाही."

ताई घरी आल्या त्या याच विचारात. त्यांचा नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक. आपण बरं आणि आपलं काम बरं असा माणूस. जेवताना त्यांनी त्याला सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांच्या संसारात अगदी पहिल्यांदा, सरळ विचारलं, "अहो, तुमच्या मनात कधी आलं होतं का हो असं काही?"

"मला कोण विचारतंय?" तो म्हणाला. "ज्याला कुणी वाढलंच नाही, त्याने उपवासाची ऐट कशाला मिरवायची?"

ताई हसल्या. तो मात्र हसला नाही. ताटाकडे बघतच म्हणाला, "विचारलं होतं एकीने. कॅन्टीनमध्ये होती. पोरं लहान होती आपली तेव्हा."

"मग?"

"मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग मी तिला म्हटलं, हे मला घरी सांगावं लागेल. ती म्हणाली, मग राहू दे."

ताईंना हसावं की रडावं कळेना. मग रागच आला. एवढी गोष्ट मला सांगितली का नाही, असं त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, काही झालंच नाही, सांगायचं काय? त्या रात्री त्यांनी त्याच्याकडे पाठ करून झोपायचं ठरवलं आणि तशा झोपल्याही. पण डोळा लागेना. आपला नवरा चांगला आहे, हे त्या इतकी वर्षं घरातल्या एखाद्या कपाटासारखं धरून चालल्या होत्या. कपाट कुठे जाणार? आता कळत होतं की तो माणूस आहे, त्याला दुसरी वाट दिसली होती, थोडी आवडलीही होती, आणि तो आपल्या पायांनी घरी आला होता. पहाटे त्यांनी कूस बदलली आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

गायक पत्रकारांपुढे एकटाच बसला. फार बोलला नाही. मी दोघींचं नुकसान केलं, दोघींनाही मीच खोटं किंवा अर्धवट सांगितलं, त्यांच्या दारात जाऊ नका, एवढं म्हणाला आणि उठला. लोकांनी त्यालाही नाटक म्हटलं. काही दिवस त्याचे कार्यक्रम रद्द झाले. मग एका खेळाडूचं काहीतरी निघालं आणि सगळं शहर तिकडे धावलं. वार्ताहर मुलगी मात्र सांगितलेल्या वेळेला आली, दाढ पूर्ण करून गेली आणि तिने एक ओळही छापली नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी गायक बायकोला न्यायला दवाखान्यात आला. डॉक्टरांनी आतून मान बाहेर काढून सांगितलं, अजून एक पेशंट आहे, बस. तो बसला. समोर नेमक्या मुख्याध्यापिका बाई. त्यांनी त्याला चष्म्यावरून असं न्याहाळलं की त्याने पाय जवळ घेतले.

"माझ्या मुलीच्या लग्नात तुमचं ते गाणं लावलं होतं," त्या म्हणाल्या. "आता नातीचं ठरतंय. तिलाही तेच हवंय. काय करू मी?"

ताईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"लावा," तो म्हणाला. "तिला सांगा, म्हणायला सोपं आहे."

मुख्याध्यापिका बाईंनी नुसतं "हं" केलं आणि कवळी सांभाळत आत गेल्या. या माणसाला पाणीसुद्धा विचारायचं नाही, असं ताईंनी केव्हाच ठरवलं होतं. तरी त्यांनी ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला आणि त्या परत वहीकडे वळल्या. तो मान हलवून प्याला.

दवाखाना बंद करताना ताईंना ती दोघं रस्त्यात उभी दिसली. गाडीची किल्ली कोणाकडे यावरून वाद चालला होता. डॉक्टर पर्स उपसत होत्या, तो खिसे चाचपत होता, आणि दोघंही एकमेकांना हळू आवाजात वेंधळं ठरवत होती. किल्ली शेवटी त्याच्याकडेच निघाली. डॉक्टरांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः गाडी चालवायला बसल्या.

घरी आल्यावर ताईंनी नवऱ्याला सांगितलं, आज तो आला होता. कसा दिसत होता, त्याने विचारलं.

"भ्यालेला."

"बरं आहे. आणि डॉक्टर?"

ताईंनी चपला काढता काढता विचार केला. "दमलेल्या. पण बाई ग्रेट आहे हो. तिच्या तोंडून कुणाबद्दल वाईट शब्द येत नाही, आणि कुणाच्या चुकीवर ती पांघरूणही घालत नाही." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "ती कॅन्टीनवाली दिसायला कशी होती, ते आता सगळं सांगा मला."

त्याने एकदा वर आढ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून सांगायला बसला.