आम्ही आहोत ना

मला न विचारता बोलायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीज मंडळात बत्तीस वर्षं ग्राहकांच्या तक्रारींच्या टेबलावर काढली. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याला उत्तर द्यायचं, हीच तिथली कामाची रीत. निवृत्त झालो, टेबल गेलं, जीभ तेवढी राहिली. कुंदा, म्हणजे आमची ही, म्हणते, "तुमचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला." गेल्या हिवाळ्यात बॉनमध्ये जे झालं ते त्यातलंच, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

आमचा अनय बॉनला एका मोठ्या टेलिफोन कंपनीत आहे. सून ऊर्मिला तिथल्याच एका संस्थेत. तिचं काम नक्की काय हे समजायला मला जर्मनीच्या दोन वाऱ्या लागल्या. प्रशांत महासागरात एक बेटांचा देश आहे, नकाशावर माशी बसली तर अख्खा झाकला जाईल एवढा. तिथल्या प्रत्येक पोराला सरकारी पाळणाघर मिळावं, बाजारात मासे विकणाऱ्या बायकांना बाळंतपणात घरबसल्या पैसे मिळावेत, म्हाताऱ्या बायकांना पेन्शन मिळावी, आणि या सगळ्याला पैसा कुठून आणायचा ते कागदावर मांडायचं. थोडा परदेशी बोटींच्या मासेमारीच्या परवान्यांतून, थोडा पर्यटकांच्या हॉटेलभाड्यावरच्या करातून, उरलेला जर्मनीसारख्या देशांकडून.

"आजीला पेन्शन?" कुंदा म्हणाली होती. "मग मी तिकडेच जाते बाई. इथे मला नुसतं 'थालीपीठ मस्त झालंय आई' एवढंच मिळतं."

ऊर्मिला हसली, पण कसनुशी. कारण बेटावरच्या पोरांची सोय लावणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या पोरीला, सव्वा वर्षाच्या ओवीला, बॉनमध्ये पाळणाघर मिळत नव्हतं. तिथे पाळणाघराला किटा म्हणतात. पहिल्या वाढदिवसापासून जागेचा हक्क आहे, कायदाच आहे तसा. हक्क आहे, जागा नाही. एकवीस ठिकाणी नाव घातलेलं. तोवर तीन महिने आम्ही, तीन महिने ऊर्मिलेचे आईवडील, अशी पाळी लावली होती. व्हिसाच नव्वद दिवसांचा.

आता कुंदाचं सांगतो, कारण गोष्ट तिची आहे. बिबवेवाडीत आमच्या पुढच्या खोलीत तिने बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. कधी अकरा पोरं, कधी चौदा. गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्या जिवावर नोकऱ्या करायच्या. कोणाला उशीर झाला तर पोराला आमच्याच ताटातलं वरणभात. ओवी झाली आणि आमच्या फेऱ्या ठरल्या तेव्हा मीच म्हटलं, "तीन महिने उघडं, तीन महिने बंद, पाळणाघर म्हणजे काय रसवंतीगृह आहे? बंद कर." दारावरची पाटीही मीच काढली. कुंदाने सतरंज्या धुतल्या, वाळवल्या, घड्या करून माळ्यावर टाकल्या.

त्या पोरांपैकी एक वेद, दोन वर्षांचा. त्याची आई स्वरूपा एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. पाळणाघर बंद झालं तशी तिने बिनपगारी रजा घेतली. ती वाढवली, पुन्हा वाढवली. शेवटी हॉस्पिटलने सांगितलं की जूनमध्ये हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या. दर दोन-तीन दिवसांनी तिचा फोन यायचा. "काकू, जूनमध्ये नक्की ना?"

"ओवीला जागा मिळू दे, मग मी मोकळी," कुंदा सांगायची. "जूनला उघडतेच."

तिने तर रंगही ठरवला होता भिंतीचा, पिवळा. पूर्वीच्या फिकट हिरव्याने पोरं पेंगतात म्हणे.

फेब्रुवारीत घराजवळच्याच एका किटाचं बोलावणं आलं. बुधवारी तीन वाजता मुलीला घेऊन या, जागा बघा, बोलू. सगळी नुसती धांदल. अनयला त्या दिवशी बाड हॉम्बुर्गला ग्राहकाकडे जायचं होतं. ऊर्मिलेचं तर त्याहून अवघड, बेटावरच्या अर्थखात्याची माणसं नेमकी त्याच दिवशी बॉनला येणार होती. मी म्हटलं, "त्यात काय, आम्ही जातो की."

अनयने मला दारात उभं करून धडा दिला. "बाबा, दोनच गोष्टी सांगायच्या. आम्ही दोघं फुल टाइम काम करतो, आणि तुम्ही एकतीस मार्चला परत जाताय. गेनाऊ एवढंच. जास्त नाही."

हा गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', त्याच्या बोलण्यात हल्ली मिठासारखा असतो. मी म्हटलं, "अरे, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

किटा छान होती. खिडक्या जमिनीपर्यंत, बुटक्या खुर्च्या, प्रत्येक पोराच्या नावाची खुंटी. तिथल्या प्रमुख फ्राऊ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई, पन्नाशीच्या, इंग्रजी चांगलं. कुंदा आत गेली आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. पाच मिनिटांत तिच्याभोवती चार पोरं. एक तर मांडीवरच चढलं. भाषा ना बिषा, ही मराठीत "अगं बाई, नाक किती वाहतंय" म्हणतेय आणि ते पोर नाक पुढे करतंय. फ्राऊ ब्रांट बघतच राहिल्या. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मी त्या दोन गोष्टी सांगितल्या. अगदी पाठ केल्यासारख्या. एकतीस मार्चसुद्धा सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. पण त्यांनी विचारलं, "समजा या वेळी आमच्याकडे नाही जमलं, तर तुमची काय सोय आहे?"

"काही काळजी करू नका, मॅडम," मी म्हणालो. "आम्ही आहोत ना. आज जातोय, पुन्हा येऊ. आमच्याकडे आजीआजोबा पाठ फिरवत नाहीत. आणि माझ्या बायकोने बावीस वर्षं किटा चालवलीये, स्वतःच्या घरात. नो हरी. ज्यांना कोणी नाही त्यांना आधी द्या."

इतकं मोठ्या मनाचं वाक्य मी जर्मनीत पहिल्यांदाच बोललो होतो. फ्राऊ ब्रांट हसल्या, म्हणाल्या, "ओवी भाग्यवान आहे," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यातला ग्रोसएल्टर्न हा शब्द मला वाचता आला. आजीआजोबा. आपली नोंद झाली म्हणून मी खूश. मागे खुंट्यांपाशी कुंदा ओवीच्या पायात बूट घालत होती.

संध्याकाळी जेवताना ऊर्मिला ताटात नुसती बोटं फिरवत होती. बेटवाल्यांशी काय झालं, असं मी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "पाळणाघरं गेली, बाबा. सगळं मान्य केलं त्यांनी. बाळंतपणाचे पैसे, पेन्शन, सगळं. पाळणाघरांवर आले आणि त्यांचा साहेब म्हणाला, आमच्याकडे प्रत्येक घरात आजी आहे. जे फुकट चाललंय त्याला पैसा कशाला घालायचा?"

"मग तू काय म्हणालीस?" कुंदाने विचारलं.

"म्हटलं, तुम्ही आज्यांना विचारलंत का? त्यातल्या निम्म्या अजून बाजारात मासे विकतात. त्यांना स्वतःचं काम आहे." तिने पाणी प्यायलं. "त्यावर ते सगळे हसले. आजीला काय विचारायचं, म्हणाले."

 बारीक बारीक सगळं आठवलं, तो कागद, ते हसणं, नो हरी. तेवढ्यात ऊर्मिलेने विचारलं, "किटात कसं झालं?"

"छान झालं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फोन करता आला असता. फ्राऊ ब्रांटचा नंबर होता माझ्याकडे. बाई, मी बढाई मारली, आम्हाला जागेची फार गरज आहे, एवढंच सांगायचं होतं. त्या माणुसकीच्या बाई होत्या, ऐकलं असतं. मी दहा वेळा फोन उचलला असेन. प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या करू. कदाचित काही बिघडलंही नसेल. उगीच आपणच कशाला विषय काढा?

मार्चच्या मध्यावर ई-मेल आली. अनयने वाचून मराठीत सांगितली. कुटुंबात मुलीच्या सांभाळाची सोय असल्यामुळे जागा दुसऱ्या मुलाला देत आहोत, क्षमस्व.

"सोय?" अनय म्हणाला. "आल्झो, म्हणजे, यांना कोणी सांगितलं सोय आहे म्हणून?"

"त्यांनी बघितलं असेल तुझ्या आईला," मी म्हणालो. "पोरं कशी जमली होती तिच्याभोवती."

हे खोटं माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की माझा मलाच धक्का बसला. ऊर्मिलेने मान हलवली. "म्हणजे इथेही तेच. आजी दिसली की फाइल बंद. त्या साहेबाला मी नावं ठेवत होते." आणि मग ती रडली, पहिल्यांदाच आमच्यासमोर. कुंदा ओवीला मऊ भात भरवत होती. तिने मान वर केली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं ओवीला घेऊन ऱ्हाइनच्या काठाने फिरायला गेलो. ऊन पडलं होतं, वारा बोचरा. ओवी गाडीत झोपली. आम्ही बाकावर टेकलो. मला राहवेना.

"कुंदा," मी म्हटलं, "त्या दिवशी किटात मी जरा जास्तच बोललो."

"माहीत आहे मला. मागेच होते मी. नो हरी कळण्याएवढं इंग्रजी येतं."

 महिनाभर ही बाई माझ्यासमोर बसून चहा पीत होती. "मग तेव्हाच मला गप्प का नाही केलंस? घरी येऊन भांडायचंस तरी."

"मला वाटलं, तुम्ही ठरवून बोललात."

"ठरवून?"

"बावीस वर्षं तुम्ही म्हणत होतात, घर आहे की धर्मशाळा. दुपारची झोप नाही, पेपर जागेवर नाही, लोकांच्या पोरांची शी-शू आपल्या घरात कशाला." ती रागावून बोलत नव्हती, हेच वाईट होतं. "पाटी काढताना शीळ घालत होतात तुम्ही. मला वाटलं, यांना ते पाळणाघर परत नकोच आहे. मग भांडून काय करू?"

"नाही गं. चुकून निघालं तोंडातून."

"बरं. मग दुसऱ्या दिवशी फोन का नाही केलात?"

"लाज वाटली."

"तेवढंच?"

मी हो म्हणणार होतो. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मला तिच्या नजरेला नजर देऊन खोटं कधी जमलेलं नाही. ती ई-मेल आली तेव्हा मला भीती वाटली होती, वाईटही वाटलं होतं, पण त्या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती. मला जरा बरं वाटलं होतं. जूनमधली बिबवेवाडीतली दुपार डोळ्यांसमोर आली होती. पुढची खोली रिकामी, पंखा चालू, मी आडवा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तिलाही त्या बाकावर सांगितलं नाही. नुसताच गप्प बसलो, आणि तिला जे समजायचं ते समजलं.

"हं," ती म्हणाली, आणि नदीकडे बघत बसली.

थोड्या वेळाने तिच्या पिशवीतला फोन वाजला. स्वरूपा. पुण्यात तेव्हा संध्याकाळ झाली असेल. कुंदाने फोन हातात धरून वाजू दिला आणि मग घेतला.

"बोल गं. कसा आहे वेद? खोकला गेला का? हं." मग म्हणाली, "स्वरूपा, माझ्या भरवशावर आता राहू नकोस बाळा. जूनला नाही जमायचं. नाही गं, पुढेही नाही. नाही नाही, काका काही म्हणत नाहीत, त्यांचं काही नाही. माझीच कंबर आता साथ देत नाही. मलाच झेपणार नाही."

बावीस वर्षांत मला झेपत नाही असं कुंदा कधी म्हणाली नव्हती. चौदा पोरं आणि तापाने फणफणलेली असतानासुद्धा नाही. कंबर तिची ठणठणीत आहे. रोज ओवीला घेऊन तीन जिने चढते.

पलीकडून स्वरूपाचं बोलणं मला ऐकू येत होतं. ती रडली वगैरे नाही. म्हणाली, "बरं काकू. तुम्ही जपा. मग मी सोमवारी देऊन टाकते राजीनामा."

"दुसरीकडे कुठे बघ ना," कुंदा म्हणाली.

"बघितलं काकू. सगळीकडे बघितलं."

मी शेजारीच होतो, हातभर अंतरावर. फोन मागून घ्यायचा आणि म्हणायचं, पोरी, काकूंना झेपतंय, पाळणाघर नकोय ते मलाच. सोमवारला अजून चार दिवस होते. कुंदा फोन कानाला धरून एकदा माझ्याकडे बघत थांबलीसुद्धा. मी वाकून ओवीचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं.