दुमजली पंख

"अरे, घरात कपाट ठेवायला जागा नाही, आणि तू विमान आणलंस?" ताई दारातूनच ओरडली.

ट्रकमधून चौथा पंख उतरत होता. कापड जागोजागी फाटलेले, आतल्या लाकडी फासळ्या उघड्या पडलेल्या. पंखाच्या पलीकडून धाकट्या भावाचा आवाज आला, "सगळं नाही आणलं गं. धड मैदानावरच ठेवलंय."

"उडतं का तरी?"

"उडेल."

तो कारखान्यात लेथवर काम करायचा. वय सत्तेचाळीस, लग्न केलेले नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेली तीन वर्षे दर रविवारी तो सायकल काढून गावाबाहेरच्या मैदानावर विमान चालवायला शिकायला जात असे. हा नाद आज ना उद्या सुटेल, असे ताई धरून चालली होती.

विमान त्याच्या वडिलांच्या वयाचे होते. दोन्ही बाजूंना एकावर एक असे दोन-दोन पंख, मध्ये तारा, वर छप्पर नाही. ज्या म्हाताऱ्या वैमानिकाचे ते होते, त्याने आयुष्यभर त्यातून शेतांवर औषध फवारले होते. भाऊ विमान बघायला गेला तेव्हा "बस आत," एवढेच म्हणून तो चहा प्यायला निघून गेला होता. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा हा तसाच बसलेला, हात मांडीवर.

"कशालाच हात नाही लावलास?"

"अजून माझं कुठं झालंय?"

"बाकीचे आल्या आल्या फोटो काढतात," म्हातारा म्हणाला, आणि विमान त्यालाच द्यायचे ठरले.

पुढची चार वर्षे बाहेरच्या खोलीत पंख होता. एक झाला की दुसरा. स्वयंपाकघरात जायचे तर त्याला वळसा घालावा लागे. फासळ्या त्याने स्वतः बदलल्या, नवे सुती कापड ताणून बसवले. मग मेणाच्या दोऱ्याने ते फासळ्यांना शिवायला घेतले. ताईचा सगळा जन्म शिवणकामात गेलेला. दोन संध्याकाळी तिने कसेबसे सोसले.

"हे टाके म्हणायचे? दे इकडे ती सुई."

चारही पंख तिनेच शिवले. वर रोगणाचे हात चढले तसे कापड ताठ झाले, टिचकी मारली की ढोलासारखे वाजू लागले. शेजारीण नाक दाबून विचारायची, "अजून किती दिवस हो?" ताई म्हणायची, "त्याला विचारा. मी आपली शिंपीण."

विमान उडाले त्या दिवशी ती गेली नाही. कुणाचे तरी कपडे द्यायचे आहेत म्हणाली. नंतर महिनाभराने, एका स्वच्छ सकाळी, आपणहून चप्पल घालून उभी राहिली. "चल. बघू तरी काय शिवलंय ते."

अशा विमानात चालवणारा मागे बसतो आणि पाहुणा पुढे. त्यामुळे त्याला तिची फक्त टोपी दिसत होती. चाके सुटली, झाडे खाली गेली, नदी एकदम अख्खी दिसली, वळणांसकट. तारा गुणगुणू लागल्या. ती कडा घट्ट धरून बसेल असे त्याला वाटले होते. पण ती नदीकडे बघतच नव्हती. मान वळवून खालच्या पंखाकडे बघत होती. उतरेपर्यंत तिने नजर हलवली नाही. आता घाबरली की काय, असे त्याच्या मनात आले.

जेवताना ती म्हणाली, "कापड फुगलं होतं रे."

"हं. फुगतं."

"वरच्या बाजूनं. प्रत्येक दोन फासळ्यांच्या मध्ये, श्वास घेतल्यासारखं. मला आपलं वाटायचं, वारा खालून ढकलत असेल. हे तर वरून कुणीतरी ओढत होतं." ती थांबली. "आणि आपण दोघं त्या टाक्यांवर."

तिचा घास तसाच हातात राहिला होता.

नऊ वर्षे त्याने ते विमान उडवले. दहाव्या वर्षी वैमानिकांच्या तपासणीत डॉक्टरांनी हृदयाच्या आलेखाचा कागद दोनदा पाहिला.

"ठोके मध्येच चुकतायत. रोजच्या कामाला हरकत नाही. पण विमान चालवायचं नाही."

"बसलं तर चालेल?"

"बसायला कोण नको म्हणतंय?"

ताईने विचारले, "मग विकायचं?" त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. पुढचे तीन रविवार तो मैदानावर जाऊन विमान पुसून येत राहिला.

चौथ्या रविवारी, ज्यांनी त्याला विमान चालवायला शिकवले त्या बाई तिथे वाट बघत होत्या. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. "इंजिन असं पडून राहिलं तर गंजेल," त्या म्हणाल्या. "मी चालवते. तुम्ही चला."

तो सवयीने मागच्या खुर्चीकडे गेला, थांबला, आणि पुढच्या खुर्चीत चढून बसला. बाईंनी त्याचा पट्टा ओढून पाहिला.

विमान वर चढले. पुढच्या खुर्चीतही चालवायची दांडी असते, मागच्या दांडीला जोडलेली. मागे जे होईल ते पुढे आपसूक होते. ती त्याच्या गुडघ्यांच्या मध्ये हलत होती.

"धरा की थोडा वेळ!" बाई मागून ओरडल्या.

त्याने नकारार्थी मान हलवली. नदीवर आल्यावर दांडी डावीकडे झुकू लागली. त्याने गुडघा बाजूला घेतला आणि तिला वळायला जागा करून दिली.