नोलीनचा एक फोटो

मित्रांनो, मी रोल भरायचा एक जुना कॅमेरा आहे. जपानमधल्या कारखान्यात माझे अंग घडले आणि सिडनीच्या दुकानातून ग्लेनिसने मला कोबारला आणले. कोबार म्हणजे तांब्याच्या खाणींचे, लाल धुळीचे गाव. तिथली तीस वर्षांची लग्ने, बाप्तिस्मे आणि शाळेचे वर्ग मीच टिपले. माझ्या पोटात काळ्या कापडाचा पडदा आहे. खटका दाबला की तो क्षणभर सरकतो आणि हवा तेवढाच उजेड आत येतो. पडदा शाबूत, तर मी शाबूत.

ग्लेनिसची जिवलग मैत्रीण नोलीन बेकरीत कामाला होती. लग्नांत ती आम्हांला दिवा धरी, रडक्या पोरांना मॅगपाय पक्ष्याचा आवाज काढून हसवी. पण माझ्यासमोर ती कधीच उभी राहिली नाही. "माझं थोबाड घोड्याचं. भिंग तडकेल तुझं," म्हणायची.

पुढे लोक फोनवरच फोटो काढू लागले. ग्लेनिसने मला पत्र्याच्या शेडमधल्या कपाटात ठेवले. अकरा उन्हाळे मी तिथे भाजत पडलो. पडद्याचे कापड कडक होऊन चिरत चालले होते. ते मला कळत होते, पण सांगणार कुणाला?

एका जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, नोलीननेच मला बाहेर काढले. ब्रोकन हिलला जुन्या कॅमेऱ्यांची दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि तिने दोघींची नावे परस्पर नोंदवली होती. साडेचारशे किलोमीटरचा रस्ता. गाडी ग्लेनिसकडे, मी नोलीनच्या मांडीवर. कडेला मेलेली कांगारू, त्यांच्यावर कावळे.

वाटेत विलकॅनिया गावाला त्या चहासाठी थांबल्या.

"ग्लेन, माझा एक फोटो काढ. चांगलासा," नोलीन म्हणाली.

"आज सूर्य कुठून उगवला गं?"

"डॉक्टर म्हणतात, नाताळ गाठला तर नशीब. शवपेटीवर ठेवायला काहीतरी हवं ना."

ग्लेनिसच्या हातातला चहा सांडला. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? रस्त्यात?"

"घरी सांगितलं असतं, तर निघाली असतीस का तू?"

पुढचे दोनशे किलोमीटर ग्लेनिसने गाडी एकदाही न थांबवता हाकली.

कार्यशाळेत शिकवणाऱ्या कर्स्टीने मला कानाशी धरून खटका दाबला. "पडद्याचा आवाज बरा नाही. आधी एक रोल वाया घालवून बघू या का?"

"तीस वर्षं माझ्या हातात आहे तो," ग्लेनिस फटकन म्हणाली.

नोलीन ओठांना रंग लावून खिडकीशी बसली. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. ती घाबरली होती. मग ग्लेनिसने मॅगपायचा आवाज काढला, तो इतका भिकार होता की नोलीन खदखदून हसली. आम्ही छत्तीस फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत ते कागदावर उमटले. प्रत्येक फोटोत चेहऱ्याच्या मधोमध पांढरा पट्टा. चिरांमधून उजेड शिरला होता. मित्रांनो, मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"माझा कॅमेरा घ्या, आत्ताच काढू," कर्स्टी म्हणाली. नोलीन खुर्चीत जाऊन बसलीसुद्धा.

"नको," ग्लेनिस म्हणाली. "हाच दुरुस्त करून आणते. दोन महिन्यांनी, वसंतात पुन्हा येऊ."

"बरं बाई, तुझंच खरं." नोलीनने रुमालाने ओठांचा रंग पुसला.

मला ॲडलेडच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे धाडले. नवा पडदा बसायला सात आठवडे लागले. माझे पार्सल कोबारला पोहोचले, तेव्हा नोलीनला पुरून चार दिवस झाले होते. शवपेटीवर पट्टा पडलेलाच एक फोटो ठेवला होता, हे मी नंतर ऐकले. लोक विचारत, "हे पांढरं काय गं?" ग्लेनिस प्रत्येकाला सांगे, "माझा हट्ट."

आता मी अगदी ठणठणीत आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. रविवारी ग्लेनिस मला पुसते, पण रोल भरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कोणी कपाटात पडले असेल. त्याला अधूनमधून उघडा, वारा लागू द्या. आणि एखादे माणूस आपणहून समोर येऊन बसले, तर हाताशी असेल त्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून घ्या. माझ्यासारख्यासाठी थांबू नका.