सात विषय आणि एक बंद दार

"कॅमेरा चालू करा बघू," लॅपटॉपमधून भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या, आणि कानसेनच्या पाचावर धारण बसली.

दुपारचे चार वाजले होते. तास संपून बाकीची मुलं गेली होती. ऑनलाइन शाळेतलं नाव होतं मुलीचं, पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता तिचा बाप. कितीही साबण लावला तरी त्याच्या नखांतलं ग्रीस जात नसे. मुलगी चार पावलांवर होती, बंद दाराआड. सात महिने झाले होते.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये तो मेकॅनिक होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचं, ही त्याची पद्धत. तपासणीची नवी यंत्रं आली, तरी काही अडलं की साहेबसुद्धा म्हणत, "कानसेनला बोलवा."

पंपाचं सगळं ऐकू येणाऱ्या या माणसाला पोरीचं काही ऐकू आलं नाही. शाळेच्या स्टेजवर भाषण करताना ती अडखळली आणि अर्धं मिनिट नुसती उभी राहिली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते अर्धं मिनिट सगळ्यांच्या फोनवर फिरत होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही, तिसऱ्या दिवसापासून तो घरात असताना खोलीबाहेरही आली नाही. आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. पण आई पाच वर्षांपूर्वीच गेलेली. तो दाराशी ताट ठेवून कामावर जायचा आणि आल्यावर रिकामं ताट उचलायचा. कधी ताट भरलेलंच असायचं. अशाच एका दिवशी त्यानं स्क्रूड्रायव्हर दाराला लावला. आत वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, तेव्हा तो तिथंच बसून रडला.

मग ही घरबसल्या शिकायची शाळा कळली. यादीत बेचाळीस विषय होते, त्यातले सात निवडायचे होते. "बाळा, कोणते घेऊ?" त्यानं दाराबाहेरून विचारलं. उत्तर आलं नाही, आणि फॉर्मची मुदत त्याच दिवशी संपत होती. नववीतून शाळा सोडलेल्या माणसानं घाम पुसत सात खुणा केल्या. दोन आठवडे हजेरी नसेल तर नाव कमी होतं, म्हणून सकाळची पाळी मागून घेऊन, कॅमेरा बंद ठेवून त्यानंच हजेरी लावली. पुढं चाचण्या आल्या, त्याही दिल्या. एक खोटं झाकायला दुसरं, तसंच ते झालं. सहा विषयांत तो काठावर होता आणि भौतिकशास्त्रात पैकीच्या पैकी!

"एक उत्तर वाचते," बाई म्हणाल्या. "प्रश्न आहे, पंप कोरडा चालला तर काय होईल? उत्तर : आधी आवाज बदलतो. मग हात लावून बघावं. चटका बसला तर समजावं, उशीर झाला. आपल्याला आधी ऐकू कसं आलं नाही, असं नंतर वाटत राहतं." त्यांनी वर पाहिलं. "हे सोळा वर्षांच्या मुलीनं लिहिलंय?"

त्यानं कॅमेरा चालू केला.

"मी वडील. लबाडी माझी आहे बाई, तिला यातलं काहीच माहीत नाही. पण तिचं नाव कमी करू नका." मग त्यानं स्टेजपासूनचं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मार्क तर जाणारच. नाव ठेवायचं असेल, तर आज तिनं स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन आपलं नाव सांगायला हवं. पाचला मला यादी पाठवायची आहे. नियम माझा नाही हो."

म्हणजे पुन्हा कॅमेरा. नाव कमी झालं तर बाहेरच्या जगात तिची एवढीशीही जागा उरणार नव्हती. आणि कॅमेऱ्याचं नाव काढल्यावर ती आत काय करून घेईल, हा विचारही त्याला सोसेना.

दारापाशी जाऊन त्यानं काहीही न लपवता सांगितलं. मग स्क्रूड्रायव्हर टेकवला. पान नाही, खुर्ची नाही, काहीच नाही. पंप असा गप्प झाला असता तर तो धावत बटणाकडे गेला असता. इथं बटण कुठं होतं?

"बाळा, नुसता आवाज तरी कर. मला भीती वाटतेय गं."

बऱ्याच वेळानं दाराच्या अगदी जवळून घोगरा आवाज आला. "कोणते विषय घेतलेस?"

"गणित, भौतिकशास्त्र, भूगोल, इतिहास, साहित्य, संगणक..." त्यानं आवाज खाली आणला. "आणि वक्तृत्व."

"काय?"

"तू लहानपणी किती छान बोलायचीस, म्हणून..."

"बाबा! बेचाळीस विषयांत तुला वक्तृत्वच सापडलं? माझ्यासाठी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

सात महिन्यांनी पोरगी त्याच्यावर ओरडली होती.

"काढून टाकायला सांगू का बाईंना?"

"तू आता काहीही करू नकोस."

कडी वाजली. दार वीतभर उघडलं आणि हात बाहेर आला. हात पांढुरका पडला होता, नखं वाढली होती. "दे तो लॅपटॉप इकडे."

त्यानं धावत जाऊन लॅपटॉप आणून दिला. दार पुन्हा लागलं.

त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाराला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बाई काहीतरी म्हणाल्या. मग शांतता. तो मनातल्या मनात आकडे मोजू लागला. तीस झाले, चाळीस झाले. आत जाऊन लॅपटॉप मिटून टाकावा, असं त्याला वाटलं. पंचावन्नला तिनं आपलं नाव घेतलं. ते मध्येच तुटलं. मग तिनं ते पहिल्यापासून, पूर्ण सांगितलं.

पुढं ती आणखी काही बोलू लागली, तेव्हा त्यानं स्क्रूड्रायव्हर दारावरून काढला, मूठ शर्टाला पुसली आणि तो स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या टेबलाशी बसला.